कार्बन नॅनोपदार्थ व धातूंच्या नॅनोकणांवर आधारित वायुसंवेदक

कार्बन नॅनोनलिका, ग्राफीन यांसारख्या कार्बनच्या अतिसूक्ष्म रूपांवर पॅलॅडियम, प्लॅटिनम, सोने, चांदी इत्यादी धातूंचे नॅनोकण बसवून तयार केलेल्या वायुसंवेदकांना कार्बन-धातू संकरित वायुसंवेदक असे म्हणतात. हवेतील विशिष्ट वायूचे रेणू या पदार्थांच्या पृष्ठभागावर आले की त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून वायूचे अस्तित्व व प्रमाण कळते. पारंपरिक धातू-ऑक्साइड संवेदकांना काम करण्यासाठी २०० ते ४०० अंश सेल्सिअस इतके तापमान लागते. याउलट कार्बन नॅनोपदार्थांचे संवेदक सामान्य तापमानालाही प्रतिसाद देऊ शकतात, हे त्यांचे मुख्य वैशिष्ट्य होय. मात्र शुद्ध कार्बन नॅनोपदार्थ मोजक्याच वायूंना ओळखतात. ही उणीव भरून काढण्याचे काम धातूंचे नॅनोकण करतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग असल्याने मराठीत या पदार्थांना ‘अब्जांश पदार्थ’ असेही म्हटले जाते.

पार्श्वभूमी

माणसाचे नाक हे वायू ओळखण्याचे सर्वांत जुने साधन असले, तरी ते विश्वासार्ह नाही. कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि हायड्रोजन या वायूंना रंग नाही व वासही नाही. घरगुती सिलिंडरमधील वायूला येणारा उग्र दर्प त्याचा स्वतःचा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे गंधद्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट याहून घातक आहे. अल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेतील त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे १०० ते १५० भाग इतके झाले की घ्राणेंद्रिय बधिर होते व वास येणे थांबते. धोका वाढलेला असताना तो टळला असा समज होतो. मैलाटाक्या व भुयारी गटारे यांत उतरणाऱ्या कामगारांचे प्राण जाण्यामागे हे एक कारण असते.

कोळशाच्या खाणींमध्ये ही अडचण फार पूर्वीपासून जाणवत होती. हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये तयार केलेल्या सुरक्षादीपाच्या ज्योतीभोवती दिसणाऱ्या निळसर आवरणावरून मिथेनचा अंदाज घेता येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हाल्डेन यांनी कार्बन मोनॉक्साइडच्या सूचनेसाठी कॅनरी पक्षी खाणीत नेण्याचा उपाय सुचवला. पक्ष्याच्या श्वसनाचा वेग माणसापेक्षा अधिक असल्याने विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर आधी होई. ब्रिटनमधील खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती.

इतिहास

अर्धसंवाहकाच्या पृष्ठभागाचे विद्युत गुणधर्म भोवतालच्या वायूनुसार बदलतात, हे वॉल्टर ब्रॅटन व जॉन बार्डीन यांनी १९५३ मध्ये जर्मेनियमवरील प्रयोगांतून दाखवले. १९६२ मध्ये जपानमधील तेत्सुरो सेइयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराने वायू ओळखता येतात असे सिद्ध केले. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडचा संवेदक विकसित केला. घरगुती गॅसच्या गळतीची सूचना देणारी स्वस्त यंत्रे त्यामुळे शक्य झाली आणि या प्रकारच्या संवेदकांना ‘तागुची संवेदक’ हे नाव पडले. १९७५ मध्ये स्वीडनमधील इंगेमार लुंडस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅलॅडियमचा थर असलेला ट्रान्झिस्टर हायड्रोजन ओळखू शकतो हे दाखवून दिले.

१९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांनी बहुभित्ती कार्बन नॅनोनलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले व १९९३ मध्ये एकभित्ती नलिकाही ज्ञात झाल्या. २००० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जिंग काँग, होंगजिए दाई व सहकाऱ्यांनी एकाच नॅनोनलिकेचा वायुसंवेदक म्हणून उपयोग केला. नायट्रोजन डायऑक्साइडचे दर दशलक्ष भागांत २०० भाग एवढे प्रमाण असता नलिकेची संवाहकता काही सेकंदांत सुमारे हजारपट वाढली. एक टक्का अमोनिया सोडला असता ती सुमारे शंभरपट घटली. हे सारे सामान्य तापमानाला घडले. त्याच वर्षी फिलिप कॉलिन्स, ॲलेक्स झेटल व सहकाऱ्यांनी हवेतील ऑक्सिजनमुळेही नॅनोनलिकांचे विद्युत गुणधर्म बदलतात असे दाखवले.

२००१ मध्ये स्टॅनफर्डच्याच गटाने नॅनोनलिकांवर पॅलॅडियमचे सूक्ष्म कण बसवून हायड्रोजनचा संवेदक तयार केला. कार्बन व धातू यांच्या संयोगाचे हे आरंभीचे आणि आजही आदर्श मानले जाणारे उदाहरण आहे. २००४ मध्ये आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटपासून ग्राफीनचा एकाणू थर वेगळा केला. या संशोधनासाठी त्यांना २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मँचेस्टरच्या याच गटाने २००७ मध्ये ग्राफीनवर वायूचा एकेक रेणू बसताना व सुटताना रोधात होणारे पायरीसारखे बदल नोंदवले.

कार्बन नॅनोपदार्थांची रचना

ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी असलेला, एका अणूइतक्या जाडीचा पत्रा. हा पत्रा गुंडाळून नळी केली अशी कल्पना केल्यास एकभित्ती नॅनोनलिका तयार होते. तिचा व्यास साधारणपणे १ ते २ नॅनोमीटर असतो. अशा नळ्या एकीत एक बसल्या की बहुभित्ती नॅनोनलिका होते. पत्रा कोणत्या कोनात गुंडाळला जातो त्यावर नलिका धातूसारखी वागेल की अर्धसंवाहकासारखी, हे ठरते. वायुसंवेदनासाठी अर्धसंवाहक नलिका अधिक उपयोगी असतात.

या पदार्थांत जवळजवळ प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. एक ग्रॅम ग्राफीनचे सैद्धांतिक पृष्ठफळ सुमारे २,६३० चौरस मीटर, म्हणजे जवळपास २६ गुंठे जमिनीइतके भरते. विद्युतप्रवाह ज्या थरातून वाहतो तोच थर वायूच्या थेट संपर्कात असल्याने बाहेरून आलेल्या थोड्याशा रेणूंचाही प्रवाहावर परिणाम होतो. जाड तारेच्या बाबतीत मात्र प्रवाहाचा मोठा भाग आतून जात असतो व पृष्ठभागावरील बदल झाकला जातो.

ग्राफीनचा आणखी एक उपप्रकार म्हणजे क्षपणित ग्राफीन ऑक्साइड. ग्रॅफाइटचे ऑक्सिडीकरण करून, त्याचे पाण्यात थर सुटे करून व नंतर त्यातील बराचसा ऑक्सिजन काढून टाकून तो बनवतात. त्यात दोष अधिक असतात; परंतु हे दोषच वायूच्या रेणूंना व धातूच्या कणांना धरून ठेवण्याच्या जागा ठरतात. तो स्वस्त असून शाईसारखा पसरता येतो.

कार्यतत्त्व

हवेत ठेवलेल्या अर्धसंवाहक नॅनोनलिकेत विद्युतवहन प्रामुख्याने धन प्रभारासारख्या वागणाऱ्या ‘होल’ अर्थात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांमुळे होते. वायूचा रेणू नलिकेच्या पृष्ठभागाला चिकटण्याच्या क्रियेस पृष्ठशोषण किंवा अधिशोषण म्हणतात. नायट्रोजन डायऑक्साइड हा इलेक्ट्रॉन ओढून घेणारा वायू आहे. तो नलिकेतून इलेक्ट्रॉन घेतो, रिकाम्या जागा वाढतात व रोध कमी होतो. अमोनिया इलेक्ट्रॉन देणारा वायू असल्याने त्याचे इलेक्ट्रॉन या रिकाम्या जागा भरतात व रोध वाढतो. रोध कोणत्या दिशेने बदलला यावरून वायूच्या स्वभावाची आणि किती बदलला यावरून त्याच्या प्रमाणाची कल्पना येते.

वायूमुळे बदल नेमका कोठे होतो, याविषयी संशोधकांमध्ये बराच ऊहापोह झाला आहे. नलिकेच्या भिंतीवर होणारी इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण हे एक कारण आहे. नलिका व धातूचा विद्युताग्र जेथे जोडले जातात तेथील ऊर्जा-अडसर वायूमुळे कमी-अधिक होणे हे दुसरे कारण होय. नलिकांचे जाळे असल्यास दोन नलिकांमधील सांधेही प्रतिसादात भाग घेतात. प्रत्यक्ष संवेदकात या तिन्ही परिणामांचे मिश्रण आढळते.

शुद्ध कार्बन नॅनोपदार्थांच्या मर्यादा

नॅनोनलिकेची निर्दोष भिंत रासायनिकदृष्ट्या उदासीन असते. हायड्रोजन, मिथेन व कार्बन मोनॉक्साइड यांचे रेणू तिच्याशी अत्यंत दुर्बलपणे बांधले जातात. त्यामुळे सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे असलेले हे वायू शुद्ध नलिकेला जवळजवळ ओळखूच येत नाहीत. दुसरी अडचण निवडक्षमतेची आहे. इलेक्ट्रॉन घेणारा कोणताही वायू रोध कमी करतो, म्हणून केवळ रोधावरून वायूचे नाव सांगता येत नाही. तिसरी अडचण पूर्वस्थितीला येण्याची. जो वायू घट्ट चिकटतो तो लवकर सुटत नाही. २००० सालच्या प्रयोगात नायट्रोजन डायऑक्साइड बंद केल्यावर नलिका सामान्य तापमानाला मूळ स्थितीत येण्यास सुमारे १२ तास लागले होते. २०० अंश सेल्सिअसला तापवल्यावर हा काळ सुमारे एका तासावर आला.

धातूंच्या नॅनोकणांची भूमिका

धातूचा कण जितका लहान, तितका त्यातील पृष्ठभागावरील अणूंचा वाटा मोठा. कडा व कोपरे यांवरील अणूंना शेजारी अणू कमी असल्याने ते इतर रेणूंशी सहज बंध जोडतात. एखादा धातू ठोकळ्याच्या स्वरूपात निष्क्रिय असूनही नॅनोकणांच्या रूपात उत्प्रेरक ठरू शकतो. सोने हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सोन्याचे काही नॅनोमीटर आकाराचे कण योग्य ऑक्साइडवर बसवले असता ते शून्य अंशाखालील तापमानालाही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवून आणतात, असे जपानमधील मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले.

संवेदकातील नॅनोकणांचे कार्य दोन प्रकारे समजावून सांगितले जाते. पहिला प्रकार रासायनिक: धातूचा कण वायूच्या रेणूचे विघटन करतो व तयार झालेले क्रियाशील अणू कणावरून सरकत आधारद्रव्यावर पसरतात. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक: वायूमुळे कणाची इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याची क्षमता बदलते आणि कण व आधारद्रव्य यांच्यात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते. कार्बन नॅनोपदार्थांमध्ये दुसरा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. येथे धातूचा कण वायूला ओळखतो आणि कार्बन ती ओळख विद्युत संकेताच्या रूपाने बाहेर पोहोचवतो, अशी कामाची वाटणी झालेली असते.

उदाहरण: पॅलॅडियम व हायड्रोजन

पॅलॅडियम आपल्या आकारमानाच्या कित्येक शेकडा पट हायड्रोजन शोषून घेतो, हे टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६० च्या दशकात दाखवले होते. पॅलॅडियमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या रेणूचे दोन अणूंत विघटन होते व हे अणू धातूत विरघळतात. त्यामुळे पॅलॅडियममधून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यास लागणारी ऊर्जा कमी होते. कणांतून इलेक्ट्रॉन नॅनोनलिकेत जातात, तेथील रिकाम्या जागा भरल्या जातात व रोध वाढतो. हायड्रोजनचा पुरवठा थांबला की हवेतील ऑक्सिजन विरघळलेल्या हायड्रोजनशी संयोग पावतो, पाणी तयार होऊन निघून जाते आणि संवेदक पूर्वस्थितीला येतो. २००१ च्या प्रयोगात या पद्धतीने दर दशलक्ष भागांत ४ ते ४०० भाग इतका हायड्रोजन सामान्य तापमानाला ओळखता आला; शुद्ध नलिकेने मात्र हायड्रोजनला प्रतिसाद दिला नव्हता.

हवेत ४ ते ७५ टक्के या विस्तृत पल्ल्यात हायड्रोजन पेट घेऊ शकतो. इंधन म्हणून त्याचा वापर वाढत असल्याने ४ टक्क्यांची पातळी गाठण्याच्या खूप आधी इशारा देणाऱ्या संवेदकांना महत्त्व आहे. मात्र हायड्रोजनचे प्रमाण काही टक्क्यांपर्यंत गेले की पॅलॅडियमचे हायड्राइडमध्ये रूपांतर होऊन त्याचे आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढते. वारंवार फुगल्याने व आकुंचन पावल्याने सलग थराला तडे जातात. सुटे नॅनोकण हा ताण अधिक चांगला सोसतात. निकेल, चांदी किंवा सोने मिसळून केलेल्या मिश्रधातूंनीही हा दोष कमी होतो.

इतर धातू

- प्लॅटिनम : हायड्रोजन तसेच इतर ज्वलनशील वायूंच्या ऑक्सिडीकरणास उपयोगी उत्प्रेरक.
- सोने : गंधकाशी असलेल्या ओढीमुळे हायड्रोजन सल्फाइडसाठी उपयुक्त, पाऱ्याच्या वाफेशीही त्याचा सहज संयोग होतो.
- चांदी : अमोनिया व गंधकयुक्त वायूंच्या संवेदनासाठी वापरली जाते.
- ऱ्होडियम : इतर धातूंच्या जोडीने संवेदकमालिकेत वापरतात.

निर्मितीच्या पद्धती

सर्वांत सरळ पद्धत म्हणजे निर्वातात धातूची वाफ करून तिचा अत्यंत विरळ थर नॅनोनलिकांवर बसू देणे. थर पुरेसा पातळ असल्यास तो सलग न राहता त्याचे सुटे कण बनतात. दुसरी पद्धत विद्युतरासायनिक निक्षेपणाची. तीत नलिकांच्या जाळ्यालाच विद्युताग्र करून धातूच्या क्षारांच्या द्रावणातून कण बसवतात. तिसऱ्या पद्धतीत सोडियम बोरोहायड्राइडसारखे क्षपणक वापरून द्रावणातील धातूचे आयन कणरूपात आणले जातात.

कण किती बसवावेत यालाही मर्यादा आहे. कण कमी असल्यास प्रतिसाद क्षीण राहतो. ते फार दाट झाले तर एकमेकांना चिकटून धातूचा सलग मार्ग तयार होतो, प्रवाह कार्बनऐवजी त्यातूनच वाहू लागतो आणि संवेदनक्षमता घसरते.

कामगिरीचे निकष

वायुसंवेदकाची पारख प्रामुख्याने सहा निकषांवर होते: संवेदनक्षमता, शोधमर्यादा म्हणजे ओळखता येणारे किमान प्रमाण, निवडक्षमता, प्रतिसादकाल, पूर्वस्थितिकाल आणि दीर्घकालीन स्थैर्य. यांपैकी एक सुधारताना दुसरा बिघडण्याचा संभव असतो. वायू घट्ट धरून ठेवणारा पृष्ठभाग अत्यल्प प्रमाणही ओळखतो, पण तोच पृष्ठभाग वायूला लवकर सोडत नाही. सौम्य तापन किंवा अतिनील प्रकाशाचा झोत यांच्या साहाय्याने वायूचे रेणू सोडवून घेण्याचे उपाय वापरले जातात.

संवेदकमालिका

एकच संवेदक पूर्णपणे निवडक करणे कठीण असल्याने अनेक संवेदकांची मालिका वापरण्याची कल्पना पुढे आली. ॲलेक्झांडर स्टार व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एकाच चकतीवरील नॅनोनलिकांच्या वेगवेगळ्या जाळ्यांवर पॅलॅडियम, प्लॅटिनम, ऱ्होडियम व सोने यांचे कण बसवले. प्रत्येक वायूला या घटकांनी दिलेल्या प्रतिसादांचा आकृतिबंध वेगळा असतो व सांख्यिकी पद्धतींनी त्यावरून वायू ओळखता येतो. सस्तन प्राण्यांचे घ्राणेंद्रियही अनेक ग्राहींच्या एकत्रित प्रतिसादावरूनच गंध ओळखत असल्याने अशा उपकरणाला ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ म्हणतात.

अडचणी

प्रयोगशाळेतील यश व प्रत्यक्ष वापर यांत अजून अंतर आहे. प्रयोगशाळेत बहुधा कोरड्या व शुद्ध वायूत मोजमापे घेतली जातात. प्रत्यक्ष हवेत मात्र बाष्प असते आणि पाण्याचे रेणूही कार्बन नॅनोपदार्थांचा रोध बदलतात. पावसाळ्यातील दमट हवेत संवेदकाचे वाचन वायूमुळे बदलले की आर्द्रतेमुळे, हे ठरवण्यासाठी आर्द्रतेचे स्वतंत्र मापन करून दुरुस्ती करावी लागते.

कोणताही वायू नसतानाही संवेदकाची आधारपातळी हळूहळू सरकत जाते. हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू पॅलॅडियम व प्लॅटिनम यांना निष्क्रिय करतात. यास उत्प्रेरकाची ‘विषबाधा’ म्हणतात. शिवाय धातू व अर्धसंवाहक नलिकांचे प्रमाण, त्यांची लांबी व कणांची वाटणी प्रत्येक खेपेस थोडी भिन्न येते. परिणामी एकाच पद्धतीने केलेले दोन संवेदक तंतोतंत सारखे वागत नाहीत आणि प्रत्येकाचे स्वतंत्र अंशांकन करावे लागते. ज्याच्या भरवशावर माणूस गटारात किंवा खाणीत उतरणार, त्या उपकरणाच्या बाबतीत हे दोष दुर्लक्षिता येत नाहीत.

उपयोग

उष्णतेसाठी ऊर्जा खर्च होत नसल्याने हे संवेदक लहान विद्युतघटावर दीर्घकाळ चालू शकतात. म्हणून अंगावर बाळगण्याची उपकरणे, कारखान्यांतील बिनतारी जाळी व शहरांतील हवेच्या गुणवत्तेची मोजणी यांसाठी त्यांचा विचार होतो. अमेरिकेच्या नासा संस्थेने नॅनोनलिकांवर आधारित संवेदकांची मालिका मार्च २००७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या मिडस्टार-१ या उपग्रहातून अवकाशात पाठवली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील टिमथी स्वेगर यांच्या गटाने २०१२ मध्ये नॅनोनलिका दाबून पेन्सिलीच्या शिशासारखी कांडी केली व तिने कागदावर रेघ ओढून अमोनियाचा संवेदक तयार केला. त्याच गटाने तांब्याचे संयुग व नॅनोनलिका यांच्या साहाय्याने फळे पिकताना सुटणारा इथिलीन वायूही ओळखला.

भारतातील संदर्भ

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालील नियमांत गटारसफाईसाठी आवश्यक सुरक्षा-साधनांची यादी दिलेली असून तीत चार वायूंच्या मापकाचा समावेश आहे. अशा मापकांत सामान्यतः ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड व कार्बन मोनॉक्साइड यांच्यासाठी विद्युतरासायनिक घट आणि ज्वलनशील वायूंसाठी उत्प्रेरकी मणी वापरतात. विद्युतरासायनिक घट ठरावीक काळाने बदलावे लागतात, त्यामुळे उपकरण खरेदी केल्यानंतरही खर्च चालूच राहतो. स्वस्त, टिकाऊ व कमी ऊर्जेवर चालणाऱ्या संवेदकाची गरज येथे प्रकर्षाने जाणवते. मात्र संवेदक हा कायद्याच्या पालनाला व यांत्रिक सफाईला पर्याय ठरत नाही. विदर्भातील चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कोळसा खाणींच्या दृष्टीनेही मिथेन व कार्बन मोनॉक्साइड यांच्या मापनाला महत्त्व आहे.

राष्ट्रीय परिवेशी वायुगुणवत्ता मानकांनुसार (२००९) नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी मर्यादा सर्वसाधारण क्षेत्रासाठी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. इतके अल्प प्रमाण अचूक मोजण्यासाठी दर अब्ज भागांत काही भाग ओळखण्याची क्षमता लागते. बंगळूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात ग्राफीनच्या मोजक्या थरांच्या नायट्रोजन डायऑक्साइड व आर्द्रता संवेदनाचा अभ्यास झाला आहे. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही वायुसंवेदक पदार्थांवर संशोधन झाले आहे.

सुरक्षितता

लांब व ताठ कार्बन नॅनोनलिका श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास अपायकारक ठरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये बहुभित्ती नलिकांच्या एका विशिष्ट प्रकाराचे वर्गीकरण ‘माणसात कर्करोगास संभवतः कारणीभूत’ या गटात केले. इतर प्रकारांबाबत निष्कर्ष काढण्यास पुरावा अपुरा असल्याचे तिने नमूद केले. तयार संवेदकातील नलिकांचे प्रमाण अत्यल्प असून त्या आधारपृष्ठावर घट्ट बसवलेल्या असतात. धोका मुख्यत्वे कोरडी भुकटी हाताळणाऱ्या कामगारांना असतो. त्यामुळे निर्मितीच्या ठिकाणी श्वसनसंरक्षण व वापर संपल्यावर उपकरणांची योग्य विल्हेवाट आवश्यक मानली जाते.